सातपुड्यात साडूंचं सोवळं

१९५३ साली, होळीनंतरच्या सोमवारी, यावलच्या उत्तरेला सातपुड्यात घराच्या छपरासाठी साठ रुपयांचे बांबू घेतले. हजर तिघे: मी, माझे साडू आणि गाडीवान. परतताना कोरड्या ओढ्यात गाडीचा आस मोडला.

"नाना, तुम्ही आठेच थांबा. मी नवा आस लई येस," असं मला सांगून गाडीवान पायी निघाला. बांबू टाकून आम्हाला हलता येईना. जवळ दोन घागरी पाणी, थोड्या भाकरी आणि बैलांची भुईमुगाची पेंड. बैल माझे, एकच जोडी. ते तहानेने मेले असते तर शेत पडीकच राहिलं असतं.

साडू निर्धास्त होते. जंगलात माणसाने कसं जगावं, यावर ते जळगावात ओट्यावर बसून तासन्‌तास बोलत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळण घेऊन आलो, तर ते डोकं पुसत होते. एक घागर रिकामी.

"हे काय केलंत?"

"अंघोळ. पारोशाने मी पाणीसुद्धा पीत नाही, भाऊ."

"आणि उद्या काय पिणार?"

"हरी देईल."

हरीने दिलं नाही. दुसरी घागर संपल्यावर मी बैल मोकळे सोडले. ते वळणावरच्या वाळूत नाक खुपसून थांबले. तिथे साडूंच्या पितळी थाळीने हातभर खणलं, तेव्हा झिऱ्यात गढूळ पाणी साचू लागलं. आधी बैलांना पाजलं, त्याच थाळीत. साडू काठावर सावलीत बसून होते.

"या थाळीत मी आता जेवणार नाही."

"जेवायला आहे काय?"

भाकरी सरल्यावर मी पेंड भिजवली. ती त्यांनी त्याच थाळीत खाल्ली, आणखी मागून घेतली. अंघोळीचं नावही काढलं नाही. गाडीवान आस खांद्यावर घेऊन आला तेव्हा ते थाळी चाटत होते.

"बैलस्नी पेंड बठ्ठी सरी गयी का, नाना?" त्याने मला विचारलं.

"सरली. बैलांनी नाही खाल्ली."

बैल आपल्या पायांनी घरी आले. गाडीवानाला दहा रुपये दिले. साडूंनी मात्र घरोघर सांगितलं की झिरा त्यांनीच शोधला, आणि वर बाटलेल्या थाळीची भरपाई मागितली. मेहुणीकडे बघून साडेतीन रुपये दिले. साडूंना नव्हे, तिच्या हातात.