पेडल दगडासारखं होईपर्यंत

गाडी बंद होती, तरी शंकरराव मिस्त्री सीटवर बसून ब्रेकचं पेडल दाबतच होते. पुन्हा पुन्हा, संथपणे. चावी काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली होती. ऑफिसातून थेट आलेला मी बाकड्यावर वैतागून बसलो होतो.

"मिस्त्री, खोला की आता पाइप."

"थांबा साहेब. ब्रेकचं जुनं एबीएस आहे. इंजिन बंद केलं तरी आत तेलाचा दाब राहतो. एकदा घाईत पाइप ढिला केला, तर तेल उडालं थेट डोळ्यात." त्यांचा डावा डोळा कायम पाणावलेला का असतो, ते मला आज कळलं. "दाबून दाबून तो उतरला की पेडल दगडासारखं लागतं, मगच पाना उचलायचा. आणि चावी खिशात. कुणी सहज फिरवली तर दाब पुन्हा भरतो."

मला कालची संध्याकाळ आठवली. ऑफिस सुटलं होतं, मी मात्र सुटलो नव्हतो. लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर आलो. बाबांनी दार उघडून नेहमीसारखं विचारलं, "आलास का?" मी खेकसलो, "दिसत नाही का?"

बाबांना खरंच कमी दिसतं.

आज गाडी तिथेच ठेवून घरी आलो. लिफ्ट चालू असूनही जिना चढलो, एकेक पायरी दाबत. तिसऱ्या मजल्यावर दारापाशी थांबलो. आतला दाब अजून पुरता उतरला नव्हता. चौथ्यावर गेलो, पाचव्यावर गेलो, मग खाली येऊन बेल वाजवली.

बाबांनी दार उघडलं. आज त्यांनी काहीच विचारलं नाही.

"आलो, बाबा," मीच म्हटलं.