कूलरच्या टाकीतली लाइफबोट

नागपूरपासून समुद्र किती लांब आहे, हे मला कुणी सांगू नये. आमच्या घरी दर रविवारी तो कूलरच्या टाकीत असतो.

आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि दोन-चार समवयस्क जमवून बोटी करू लागले. साध्यासुध्या नव्हेत. वादळात बुडणाऱ्यांना वाचवायला किनाऱ्यावरून निघतात, त्या लाइफबोटी. जगभरच्या अशा बोटींचे जुने फोटो आणि हकिकती गोळा करायच्या आणि संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांतून त्या घडवायच्या. माझी बैठकीची खोली भुशाने भरली, तेव्हा मी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांचा एक नियम मात्र मला आवडायचा. खरी लाइफबोट लाटेने उलटली तरी आपोआप सुलटी होते. म्हणून तयार झालेली बोट टाकीत हाताने पालथी करायची. ती स्वतःहून उभी राहिली, तरच तिच्यावर नाव रंगवायचं.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या भाऊजींची बोट झाली. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर होते. परदेशात जहाज बुडालं आणि अशाच एका लाइफबोटीने त्यांना वाचवलं. तिचा पुसट फोटो त्यांनी आयुष्यभर जपला होता. आता मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता. जाण्याआधी आपली बोट सुलटी होताना त्यांना बघायची होती.

बोट पालथी केली, ती पालथीच राहिली. पुन्हा केली, पुन्हा तेच. चूक आमच्या ह्यांची. त्या जहाजावरची वाचलेली सगळी माणसं त्यांनी एम-सीलने घडवून डेकवर बसवली होती आणि प्रेमापोटी चांगली खात्यापित्या घरची केली होती. वरचा भार वाढला.

"माणसं काढून घेऊ ना गा," हे म्हणाले. "मंग परत लावू."

भाऊजींचा चेहरा उतरला. "माणसं उतरवून बोट वाचवाची काय? मंग ते लाइफबोट कायची?"

मला काही ते बघवेना. मी स्वयंपाकघरातून जुन्या कुकरची जड शिटी आणून दिली.

"हे तळाले बांधून पाहा," मी म्हटलं. "वरच्या माणसाईले हात लावू नका."

शिटी तळाला तारेने पक्की आवळली. या वेळी भाऊजींनीच बोट पालथी केली. ती क्षणभर रेंगाळली, मग कूस बदलावी तशी हळूच वळून वर आली. भाऊजी एकेक माणूस बोटाने मोजत गेले आणि टोकाच्या माणसापाशी थांबले.

"हा मी," ते म्हणाले. "सगळे आहेत, वहिनी."

नाव रंगवायला त्यांनी ब्रश घेतला, रंगात बुडवला. मग तो माझ्याच हातात दिला. नाव मी रंगवलं, आणि भुशावरून बोलायचा माझा हक्क त्याच दिवशी गेला.