पेंढ्याने बांधलेले कोयते

ती घटना आजही मनातून जात नाही, कारण तिच्यात गुन्हा नव्हताच आणि मी मात्र हट्टाने तो शोधत होतो.

भातकापणीचे दिवस होते. तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यांवरून लोक दुसऱ्या दिवशी वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी डहाणूच्या प्रांत कचेरीवर पायी निघणार होते. दुपारी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पाड्यावर कोयते जमवलेत. पन्नास तरी असतील." स्टेशन डायरीत नोंद करून, दोन पंच घेऊन मी निघालो. हत्यारं सापडली की मोर्चाची परवानगी रद्द, हे उघड होतं.

खबर खरी निघाली. देवाच्या झाडाखाली कोयत्यांचा ढीग होता, प्रत्येकाचं पातं पेंढ्याने गुंडाळलेलं. पंचनाम्यासाठी हवालदार भराभर पेंढा सोडू लागला. मोर्चाची पुढारीण एक म्हातारी होती. तिला मी दरडावलं, "आजी, कोणावर चालवणार होतात?"

"चालवाचे असते तं बांधले कशाला असते?"

इतकी वर्षं खाकी घालून ही साधी गोष्ट मला दिसली नव्हती.

"आमच्या कंबरेला कोयता रोजचाच," ती म्हणाली. "सासूच्या टायमाला एकानं मोर्च्यात उपसला. लाठ्या पडल्या, मागणी तिथंच मेली. तवापासून निघाच्या आधी कोयते देवाकडं. परत येईतो, किती का दिवस लागंनात, सोडाचे नाय."

"आणि शेतातलं पिकलेलं भात?"

"झडला तं झडला."

तीन घरांत वेगवेगळं विचारलं. उत्तर तेच. जप्ती रद्द करून मी वळलो, तर म्हातारी आडवी आली. "साहेब, सोडलास तो पेंढा बांध. सुटा कोयता दिसला तं उद्या एखादा उचलंल."

हवालदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी वर्दीतच मांडी घालून पात्यांना पेंढा बांधायला बसलो. माझी गाठ सारखी सुटायची आणि बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

शांतता आम्ही राखतो, असा आम्हा पोलिसांचा तोरा असतो. ती राखायला लोक आपलं पीक पणाला लावतात, हे मला त्या पाड्याने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी चारोटीला बंदोबस्ताला उभा होतो. मोर्चा समोरून गेला. एकाही कंबरेला कोयता नव्हता. माझी लाठी मी जीपमध्येच ठेवली होती.