आत्याआजीचा लाल पदर

आखातातल्या मंगफ भागातल्या सलूनमध्ये माझी नात हौसेने केस कापून घेत होती. खाली पडलेल्या केसांना खोबरेलाचा वास होता. मला एकदम आत्याआजी आठवली.

वडिलांची ही आत्या लहानपणीच विधवा झाली, तेव्हा थोरल्या दिराने न्हावी बोलावून तिचं केशवपन करवलं. मी शाळेत असताना ती आमच्याकडे राहायची; एकदा तोच दीर, आता म्हातारा झालेला, आमच्याकडे आला.

"काशी, पाणी दे गं."

तिने डोक्यावरचा लाल पदर मागे ओढला. "मी रडत होते, तेव्हा माझे हात कोणी धरले होते?"

"तेव्हा रीतच होती."

"मग पाणी न देणं ही माझी रीत!"

आईने आणलेला तांब्याही तिने अंगणात ओतला. तो तहानलेलाच निघून गेला. तेव्हा मी तिला भ्यायले होते. आज वाटतं, तिने त्याला दारातही उभं करायला नको होतं.