कारणाचा रकाना

यादी हातात दिली की काका आधी ती उलटी करायचे, मागची कोरी बाजू नीट बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे.

"मागं काई नाई का, मॅडम?"

"नाही काका. सगळं पुढच्याच बाजूला आहे."

"कायले पायजे, ते त नाई लिहिलं."

मग यादीची उभी घडी खिशात जायची, पेन्सिल कानावर जायची आणि "विचारून येतो" म्हणून ते निघायचे. कोणाला विचारणार, तर मशीनला. मला पहिले पंधरा दिवस वाटलं, मिस्त्रीला विचारत असतील. नंतर एकदा पाहिलं, धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बेअरिंगवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे होते. ताप बघतात तसे.

ही दोन हजार सहा-सातची गोष्ट. गोंदियाहून नागऱ्याकडे जाताना लागणारी एक राईस मिल. मी तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर, वय बावीस, सहा महिन्यांच्या कोर्सचं सर्टिफिकेट आणि त्याच्या दहापट घमेंड. ते स्टोअरकीपर, वय सत्तावन्न, दरेकशाहून रोज पॅसेंजरने येणारे. मला ते मॅडम म्हणायचे आणि त्याच वाक्यात तूही म्हणायचे. "मॅडम, तू जेवली का?" त्यात त्यांना काही चुकीचं वाटत नसे, आणि पुढे मलाही वाटेनासं झालं.

त्या वर्षी शेठनी नागपूरहून नवं सॉफ्टवेअर आणलं. स्टोअरमध्ये किती माल आहे आणि मागच्या हंगामांत किती लागला, हे बघून ते रोज सकाळी यादी द्यायचं: हे एवढं मागवा, ते तेवढं मागवा. प्रत्येक ओळ मान्य करा, आकडा बदला नाहीतर नाकारा, एवढंच आमच्या हाती. बदललं किंवा नाकारलं की एक रकाना उघडायचा: कारण लिहा. तो भरल्याशिवाय पुढची ओळ येत नसे.

"म्हन्जे हा आपलं कारन सांगत नाई, अन् मले विचारते," ते म्हणाले. "साहेबच आहे म्हना की."

पण कारण ते चोख द्यायचे. ते सांगायचे, मी टाईप करायची. 'बेअरिंग गरम नाही. हात लावून पाहिला.' 'मिस्त्रीच्या घरी लग्न आहे, तो आल्यावर बघू.' एकदा यादीने एकदम बारा पट्टे मागवायला सांगितले. त्यांनी दोनच लिहायला लावले. कारण: 'मागच्या साली पट्टे झिजले नव्हते, उंदरांनी खाल्ले. यंदा मांजर आहे.'

तीन महिन्यांनी सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस तपासणीला आला. त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि मला गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हे मांजर स्टॉकमध्ये दाखवलंय का?" मी नाही म्हटलं. मांजर पोत्यांच्या थप्पीवर बसून दोघांकडे बघत होतं.

काकांच्या पेटीचा पत्ता मला दसऱ्याला लागला. मिलमध्ये त्या दिवशी सगळ्या मशीनची पूजा व्हायची. धानाचं टरफल काढणाऱ्या शेलरला हार, एलिव्हेटरला हार, वजनकाट्याला हार, माझ्या कॉम्प्युटरलाही हार आणि कीबोर्डवर हळदकुंकू, जे नंतर आठवडाभर मी टाचणीने काढत होते. हार मोजून आणलेले. तरी काकांनी एक हार स्वतःच्या पैशाने जास्तीचा आणला होता, आणि तो घेऊन ते गुपचूप स्टोअरच्या मागच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. चौकशा करण्याची खोड मला जन्मापासून.

रॅकच्या खाली एक पत्र्याची पेटी होती. तिला हार घालून ते हात जोडून उभे होते.

"यात काय आहे काका?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि झाकण उघडलं. आत बेअरिंग. मशीनमधून काढून भंगारात टाकलेली, पण रॉकेलने धुतलेली, ग्रीस भरलेली, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेली. प्रत्येकाबरोबर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: 'दोन नंबर एलिव्हेटर, वरचं. अजून एक हंगाम चालते.' संध्याकाळी पाळी सुटल्यावर पॅसेंजर येईपर्यंतचा तासभर ते यातच घालवत. नवं बेअरिंग नागपूरहून यायला दोन दिवस लागत. तेवढ्यात मिल बंद नको, म्हणून मशीन अडलं की यातलंच एक चढवायचं.

"मी हे सिस्टीममध्ये टाकते. जुना माल म्हणून."

"नको टाकू. भंगार म्हनून दिसंल, शेठ किलोवर विकून टाकंल."

"मग तसंच ठेवायचं?"

"तसंच. चालून राहिलं ना?"

चालत होतंच. फार चांगलं चालत होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं ते असं, की पेटीतून गेलेलं बेअरिंग कुठेच नोंदलं जात नव्हतं. त्यामुळे सॉफ्टवेअरला वाटायचं, या मिलला बेअरिंग लागतच नाहीत. दर महिन्याला त्याची मागणी उतरत गेली. मी त्याचा आलेख काढला, रंगीत प्रिंट घेतली आणि शेठच्या केबिनमध्ये लावली. शेठनी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवला. दिवाळीत मला साडी मिळाली. काकांना नेहमीप्रमाणे सोनपापडीचा डबा.

काका अठ्ठावन्न पूर्ण करणार होते त्या उन्हाळ्यात ते शेठकडे गेले. मी तिथेच बसून पत्र टाईप करत होते. त्यांनी टोपी हातात घेतली होती. धाकटी मुलगी रायपूरला नर्सिंगला होती, तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. तेवढं एक वर्ष नोकरीवर ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाणी मागवलं, मग भिंतीकडे बोट केलं. "काकाजी, आप ही देखो. साल के दो बेअरिंग. अब स्टोअर में काम ही कितना बचा है? इतना तो मॅडम भी देख लेगी."

भिंतीवर माझा आलेख होता.

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे पाहून बारीकशी मान हलवली. नाही.

बाहेर पोर्चमध्ये मी त्यांना गाठलं. "काऊन नाही सांगितलं तुम्ही?" एरवी मी तसं बोलत नाही, पण त्या दिवशी तोंडून त्यांचाच शब्द आला.

"काय सांगू? बिननोंदीचा माल पेटीत ठेवला, म्हनून सांगू? तीस साल झाले मॅडम. जाताना चोर म्हनून जाऊ का?"

हे खरं होतं. पण मी गप्प बसले त्याचं हे एकच कारण नव्हतं, आणि ते सांगून टाकलेलं बरं. तो आलेख माझा होता. तो खोटा ठरला असता. साडी माझी नेसून झाली होती. आजही त्या केबिनची आठवण आली की मला माझी लाज वाटते.

जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा शेठच्या टेबलावर ठेवला आणि पेटीची छोटी किल्ली माझ्या हातात. "सिस्टीमले नको सांगजो," म्हणाले.

पुढच्या हंगामात धान आलं, मिल सुरू झाली, आणि आठव्या दिवशी एलिव्हेटर किंचाळला. स्टोअरमध्ये होती ती दोन नवी बेअरिंग दिवाळीपर्यंतच पुरली. मग मी पेटी उघडली. चिठ्ठी वाचायची आणि त्याप्रमाणे मिस्त्रीला द्यायचं. एकही चिठ्ठी चुकली नाही. पेटीतली नऊ बेअरिंग गेली, आणि संक्रांतीनंतर पेटीत फक्त कागद उरले. त्यानंतर मिल दोन दिवस बंद पडली. बंद मिलमध्ये इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं.

मी चिठ्ठ्या घेऊन शेठकडे गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. आलेखाचंही. ते बराच वेळ चिठ्ठ्या चाळत राहिले. मग म्हणाले, "बुला लो उनको. आज ही."

मी पॅसेंजरने दरेकशाला गेले. काकू अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मिलमधून आले म्हटल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"ते नाई जी इथं. रायपूरले आहेत, पोरीजवळ. एका कॉलनीच्या गेटवर लागले."

"शेठनी परत बोलावलंय त्यांना."

"नाई येनार. पोरीची परीक्षा होईपर्यंत तिकडंच राहतो म्हन्तेत. पगार बरा आहे." मग म्हणाल्या, "खुर्चीवर बसाचं अन् गाड्या लिहाच्या, एवढंच काम. हातानं काई कराचं नाई. घरी आले का रेडिओ खोलून बसतेत. चांगला चालून राहिलेला रेडिओ."

मला चहा देऊन त्यांनी पावशेर मोहफुलं बांधून दिली. मी परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिंटरने नेहमीसारखी यादी दिली. बेअरिंग: दोन मागवा. सॉफ्टवेअरची चूक नव्हती. त्याच्या हिशेबी या मिलला वर्षाला दोनच लागत होती.

मी यादी उलटी करून बघितली. मग उठले आणि एलिव्हेटरच्या बेअरिंगवर हात ठेवून आले. मला काही कळलं नाही, नुसता हात काळा झाला.

परत येऊन मी दोन खोडून अकरा केले. रकाना उघडला: कारण लिहा.

मी काकांचं पूर्ण नाव टाईप केलं, वडिलांच्या नावासकट.

सिस्टीमने ते घेतलं आणि पुढची ओळ आली.