मंत्र्यांचा हार

माझा मित्र दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याहून देवळीला जाणाऱ्या बसमध्येच होतो. निगेटिव्हवरची धूळ उडवायला त्याने मागवलेला रबरी फुगा माझ्या पिशवीत होता...

देवळीतला त्याचा फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा त्याने घरातल्या मधल्या खोलीत नवा उद्योग मांडला होता. फोटो मोठे करायच्या जुन्या एन्लार्जरच्या दांड्याला डिजिटल कॅमेरा खाली तोंड करून बांधला. खाली दुधी काच, तिच्याखाली दिवा. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, फोटो घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं करायचं. गावातली लग्नं आणि उद्घाटनं अशी एकेक उजेडात येत होती. लग्नांत निदान नवरी बदलायची. उद्घाटनांत कात्री धरलेला माणूसही तोच आणि त्याच्या मागे माना उंचावणारेही तेच.

काही पट्ट्या ओलीने एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यांतच गावातल्या कौतिकाबाईंचा मुलगा, सुभाष होता. कामासाठी सुरतेला गेला, तो परतलाच नाही. त्याचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. आणि त्याच्यावर नेमके पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनातले मंत्री चिकटले होते. पट्टी ओढली असती तर सुभाषचा चेहराच सोलून निघाला असता. म्हणून दिगूने दोन्ही पट्ट्या तशाच काचेवर ठेवून फोटो घेतला. स्क्रीनवर सुभाष स्पष्ट ओळखू येत होता. मंत्री मागच्या झाडांत विरून गेले होते. उरला होता त्यांचा झेंडूचा हार... बरोबर सुभाषच्या गळ्यात.

कौतिकाबाईंनी स्क्रीनवरच्या हारावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "हार काढून दे बापू. माहा पोरगा जिता हाये."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी त्या यायच्या आणि दिगू त्यांना चहा पाजून, काम चालू आहे, असं सांगायचा. हार पुसला की त्याच्याबरोबर सुभाषची हनुवटीही जायची. कॉम्प्युटरवर नवी हनुवटी बसवता येते, असं मी सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "मंग तो कोनाचा पोरगा होईन?"

आता त्या खोलीत दिगूचाच फोटो आहे. तेरवीला आलेल्या एका पुढाऱ्याने त्याला हार घातला, कॅमेऱ्याकडे पाहत.

परवा, बाजाराच्या दिवशी, मी खोली आवरायला गेलो होतो. कौतिकाबाई आल्या. दिगूच्या फोटोपुढे थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग काचेवरच्या त्या चिकटलेल्या पट्ट्यांपाशी येऊन बसल्या.

"निघला का हार?" त्यांनी मला विचारलं.

मला यातलं काहीच येत नाही. आत वहिनींनी चहा टाकला होता. मी काचेखालचा दिवा लावला, पिशवीतला फुगा काढून पट्ट्यांवरची धूळ उडवली आणि म्हणालो, "काम चालू आहे, मावशी."