मागच्या गेटवरची सही

त्यांना सगळे खांबकाका म्हणायचे. एका मोठ्या कार्यालयाच्या मागच्या गेटवर, जिथून मालाच्या गाड्या आत येतात, तिथे ते नऊ वर्षं उभे होते. कंत्राटी सुरक्षारक्षक. त्या गेटवर खुर्ची ठेवायची नाही असा कंत्राटदाराचा नियम, म्हणून हे नाव. मुलीला आमच्या शाळेत सोडायला यायचे, तेव्हाही भिंतीला कधी टेकले नाहीत.

धाकट्या साडूला इथे त्यांनीच चिकटवलं. सहा महिन्यांत तो पुढच्या लॉबीत, गार हवेत, फिरत्या खुर्चीत जाऊन बसला. हसरा चेहरा, दुसरं काय! ती खुर्ची आपल्या हक्काची होती, हे खांबकाकांच्या मनातून जाईना. त्यात बायको म्हणाली, "आमच्या धाकटीच्या नवऱ्याचे पाय बघा, कधी सुजत नाहीत." काका अर्ध्या ताटावरून उठले.

लॉबीतल्या माणसाने दर दोन तासांनी इमारतीला फेरी मारायची आणि मागच्या गेटवाल्याची रजिस्टरमध्ये सही घ्यायची, अशी तिथली पद्धत. साडू मात्र सकाळीच एकदा यायचा.

"साडूभाऊ, दिवसभराच्या सह्या आत्ताच ठोका. घरच्या माणसाला कशाला हेलपाटे?"

नात्याला जागून हे सह्या करायचे आणि तो पाठमोरा झाला की पुटपुटायचे, "आयत्या बिळावर नागोबा!"

एका दुपारी सुपरवायझर रजिस्टर काखेत मारून मागच्या गेटवर आले. "काय हो, लॉबीवाला बाराच्या फेरीला इकडे आला होता का?"

काकांच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची रिकामी झाली.

"नाही साहेब. बाराला नाही, दोनलाही नाही. रोजचंच आहे हे. तिथे जबाबदार माणूस पाहिजे."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "मग ही सही कोणाची?"

बाराची होती, दोनची होती. चारचीही होती, आणि घड्याळात अडीच वाजले होते.

खुर्चीवर तिसराच माणूस बसला. साडूची रवानगी मागच्या गेटवर झाली, काकांच्याच जोडीला. पहिल्या दिवशी काकांना मान वर करवेना. साडूच म्हणाला, "सांगायचंच होतं, तर आधी सह्या तरी खोडायच्या की हो!" आणि खदखदून हसला. त्याने राग धरला असता, तर काकांना जरा बरं वाटलं असतं.

परवा ते माझ्याकडे आले.

"बाई, ट्रकवाले पावती माझ्या हातात देतात आणि गप्पा त्याच्याशी मारतात. त्याची बदली करा, असा एक अर्ज लिहून द्याल?"

मी कागद घेतला. "चांगल्या ठिकाणी करा, असं लिहू ना?"

काकांनी हात करून मला थांबवलं.

"नको. नुसतं 'दुसऱ्या ठिकाणी' लिहा."